मातीतल्या जिवाणूंपासनं कॅन्सरविरोधी कंपाऊंड शोधायचं तर: कोल्हापूरच्या कॉलेज लॅबसाठी सुरुवातीपासनं सगळं

पेशी मारणं काय अवघड नाही. प्लेटमध्ये फिनेल टाकलं तरी कॅन्सरच्या पेशी मरतात, म्हणून फिनेलला कुणी औषध म्हणत नाही. हे आधीच सांगतोय कारण मायक्रो आणि बायोटेकची पोरं दरवर्षी मातीतनं ॲक्टिनोमायसिट्स (बुरशीसारखे धागे करून वाढणारे जिवाणू, थोडक्यात ॲक्टिनो) काढतात, एक्स्ट्रॅक्ट करतात, कुठनं तरी एमटीटी (किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरनं सांगणारी टेस्ट) करून आणतात आणि "एमसीएफ-७ वर ॲक्टिव्हिटी मिळाली" (एमसीएफ-७ म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी) एवढ्यावर प्रोजेक्ट संपतो. खरं काम तिथनं पुढं असतंय. जे मारतंय ते चांगल्या पेशींना सोडतंय का, आणि ते आधीच कुणी शोधून ठेवलेलं तर नाही ना, हे दोन प्रश्न पहिल्या दिवसापासनं डोक्यात ठेवून काम आखलं तर निम्मी मेहनत वाचती.

मातीच का, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९४० मध्ये वॅक्समन आणि वुड्रफ यांनी मातीतल्या जिवाणूपासनं ॲक्टिनोमायसिन काढलं, त्यातलं ॲक्टिनोमायसिन-डी आजपण लहान मुलांच्या किडनीच्या विल्म्स ट्यूमरला वापरतात. लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध ज्या स्ट्रेप्टोमायसिस प्युसेटियस या ॲक्टिनोच्या म्युटंटपासनं आलं, तो मूळ जिवाणू इटलीतल्या कास्तेल देल मोंते या जुन्या किल्ल्याजवळच्या मातीतला (किल्ला म्हटलं तर आपला पन्हाळा काय कमी आहे?). ब्लिओमायसिन जपानात उमेझावांच्या टीमनं १९६६ मध्ये काढलं, रॅपामायसिन ईस्टर बेटाच्या मातीतनं आलं, एपोथिलोन १९८० च्या दशकात झांबेझी नदीकाठच्या मातीतल्या सोरँजियमपासनं. आपल्या महाराष्ट्रात पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार यांनी १९६१ मध्ये मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासनं हॅमायसिन काढलं, ते बुरशीवरचं औषध होतं, कॅन्सरचं नाही, पण इथल्या मातीत काही नाही असं म्हणणाऱ्याला सांगायला बरं पडतंय.

माती कुठली आणि कशी

कॉलेजमागच्या बागेची माती घेऊ नका. म्हणजे घेतली तर स्ट्रेप्टोमायसिस भरपूर मिळतील, पण तेच ते मिळतील. कोल्हापूर जिल्ह्याचं नशीब असं की दोन-तीन तासांच्या अंतरात तीन एकदम वेगळ्या माती मिळतात. पश्चिमेला पन्हाळा, मसाई पठार, गगनबावडा इकडं जांभा, त्यावरची माती आंबट, म्हणजे पीएच साताच्या बराच खाली. पंचगंगेच्या काठानं उसाची काळी माती. आणि शिरोळ तालुक्यात पाणी पाजून पाजून क्षारपड झालेली रानं, ज्याच्यावर पांढरा थर येतोय. शेतकऱ्याला ते रान नकोसं झालेलं असतंय, पण आपल्या कामाला ते सोनं आहे, कारण मीठ सहन करणारे नोकार्डिऑप्सिससारखे कमी अभ्यासलेले ॲक्टिनो तिथंच सापडायची शक्यता जास्त.

पण मिडिया त्या मातीप्रमाणं बदलला तरच याचा उपयोग. जांभ्याच्या मातीला पीएच ५.५ ची एक सेट प्लेट लावा, शिरोळच्या मातीला मिडियात ५ टक्के मीठ घाला. सगळ्यांना पीएच ७.२ ची एकच प्लेट लावली की कुठनंही माती आणली तरी तेच नेहमीचे गडी वर येतात आणि मग एवढ्या लांब गेला कशाला?

राधानगरी-दाजीपूर अभयारण्यातनं मूठभर माती आणायची तरी वनविभागाची परवानगी लागती, ती घ्याच. खासगी रान असेल तर मालकाला विचारा आणि कुठल्या गटातनं घेतली ते लिहून ठेवा, पुढं पेटंटचा विषय आला तर हे कागद लागतात.

घ्यायची पद्धत सोपी आहे. वरचा पालापाचोळा बाजूला करायचा, १० ते १५ सेंटीमीटर खालची माती अल्कोहोलनं पुसून जाळलेल्या चमच्यानं घ्यायची, नव्या झिप पिशवीत भरायची, पिशवीवर तारीख, जीपीएस, आजूबाजूला काय उगवलंय ते लिहायचं. गवताच्या मुळाला चिकटलेली माती वेगळी घ्या. भर पावसात जाऊ नका, चिखल येतोय आणि बाकीचे जिवाणू फार असतात, पावसाळा संपून रान वाफशावर आलं की जावा.

ॲक्टिनोंना पुढं आणायचं

ताजी माती सरळ प्लेटवर टाकली की बॅसिलस आणि बुरशी सगळी प्लेट खाऊन टाकतात आणि ॲक्टिनो बिचारे हळू वाढणारे, त्यांना जागाच उरत नाही. म्हणून माती आधी कागदावर पसरून आठवडाभर सावलीत वाळवा, २ मिलिमीटरच्या चाळणीतनं चाळा. मग १० ग्रॅम मातीला १ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट मिसळून थोडं ओलसर करून २८ डिग्रीला आठवडा-दीड आठवडा ठेवा. ॲक्टिनो यानं वाढतात. दुसरा भाग पूर्ण वाळलेलाच घेऊन ओव्हनमध्ये १०० ते १२० डिग्रीला तासभर ठेवा, त्यांचे स्पोअर कोरडी उष्णता बऱ्यापैकी सोसतात, बाकीचे बरेच मरतात, आणि स्ट्रेप्टोमायसिस सोडून दुसरे दुर्मिळ प्रकार मिळायची शक्यता वाढती. दोन्ही भाग वेगवेगळे प्लेट करा.

मिडिया स्टार्च केसिन आगर. लिटरला स्टार्च १० ग्रॅम, केसिन ०.३, पोटॅशियम नायट्रेट २, मीठ २, डायपोटॅशियम फॉस्फेट २, मॅग्नेशियम सल्फेट ०.०५, कॅल्शियम कार्बोनेट ०.०२, फेरस सल्फेट ०.०१, आगर १८. ऑटोक्लेव्ह करून थंड झाल्यावर मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड बुरशीसाठी आणि २० मायक्रोग्रॅम नॅलिडिक्सिक ॲसिड ग्रॅम निगेटिव्हसाठी. सायक्लोहेक्झिमाइड माणसालाही विषारी आहे, वजन करताना ग्लोव्हज आणि मास्क पाहिजेच. दहाच्या पटीत डायल्युशन करून हजारपट ते लाखपटवाल्या नळ्यांतनं ०.१ मिली पसरा, २८ डिग्रीला ठेवा आणि तीन आठवडे धीर धरा. आठव्या दिवशी प्लेट फेकणारे लोक मी बघितलेत. दुर्मिळ प्रकार तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच दिसायला लागतात.

ओळखायचं कसं? कॉलनी कोरडी, चामड्यासारखी, वर पावडर, लूपनं उचलायला गेलं तर आगरसकट उचकटून येती. आणि झाकण जरा उचललं की पहिल्या पावसाचा वास, तो जिओस्मिनचा. मुद्दाम नाक लावून हुंगू नका, स्पोअर आत जातात, लांबनं येतोय तेवढा बास.

आयएसपी-२ या मिडियावर दोन-तीनदा स्ट्रीक करून शुद्ध करा. मग एकसारखे दिसणारे गट पाडा: वरच्या पावडरीचा रंग, खालनं प्लेटचा रंग, आगरमध्ये रंग सुटतोय का, मेलॅनिन येतंय का. प्रत्येक गटातला एकेकच पुढं न्या. शंभर आयसोलेट पुढं नेण्यात काही भूषण नाही, त्यातले बरेचसे एकाच जिवाणूच्या कॉप्या असतात आणि एक्स्ट्रॅक्ट करताना ते तुमच्याच अंगावर येतंय. निवडलेल्यांचे २० टक्के ग्लिसरॉल स्टॉक तेव्हाच करून ठेवा. ॲक्टिनो सारखे सारखे सबकल्चर केले की कंपाऊंड करायचं सोडून देतात, हे कित्येकांना प्रोजेक्टच्या शेवटी कळतंय.

(मिक्सोबॅक्टेरियाचा, म्हणजे वरच्या सोरँजियमच्या गटाचा, नाद करायचा असेल तर पद्धत वेगळी. वॉटर आगरवर ई. कोलायची रेघ ओढून त्यावर माती ठेवायची, किंवा ऑटोक्लेव्ह केलेल्या सशाच्या लेंड्या मातीवर ठेवायच्या आणि रंगीत छोटे ठिपके यायची वाट बघायची. शुद्ध करताना फार त्रास देतात, पहिल्याच प्रोजेक्टला घेऊ नका.)

वाढवणं आणि एक्स्ट्रॅक्ट

आधी ५० मिलीत दोन-तीन दिवस सीड (विरजणासारखं पहिलं कल्चर) वाढवा, त्यातला ५ ते १० टक्के मोठ्या फ्लास्कमध्ये, २८ डिग्री, शेकर १५० ते १८० आरपीएम, सात ते दहा दिवस. फ्लास्क पाव भरा, जास्त भरला की हवा मिळत नाही. मिडियासाठी लिटरला सोयाबीन पीठ १५ ग्रॅम, ग्लुकोज १५, मीठ ५, कॅल्शियम कार्बोनेट १ हे चालतंय. पण एकाच मिडियावर थांबू नका. २००२ मध्ये स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचा जीनोम वाचला तेव्हा त्यात अशी कंपाऊंड करणारे वीसपेक्षा जास्त जीन क्लस्टर निघाले, आणि लॅबमध्ये मात्र त्यातली मोजकीच दिसत होती. म्हणजे जिवाणूला येतंय भरपूर, पण तो दाखवत नाही. तोच जिवाणू निदान तीन वेगळ्या मिडियांत वाढवून बघा.

आपल्याकडं साहजिकच कुणाच्या तरी डोक्यात येतंय, की साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस) स्वस्त आहे, तीच घालूया. घाला, पण दोन गोष्टी. जास्त साखर असली की जिवाणू नुसता वाढतोय आणि कंपाऊंड करायचं पुढं ढकलतोय. दुसरं म्हणजे मळीतला तपकिरी रंग एक्स्ट्रॅक्टमध्ये थोडाफार उतरतोय आणि पुढं एमटीटीची वाट लावतोय. म्हणून मळी असो नसो, जिवाणू न घातलेला एक फ्लास्क तितकेच दिवस शेकरवर ठेवा आणि त्याचंपण एक्स्ट्रॅक्ट करा. हा ब्लँक नसला तर पुढचे सगळे आकडे बिनबुडाचे आहेत.

वाढ झाली की सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी तेवढ्याच इथाइल ॲसिटेटबरोबर सेपरेटिंग फनेलमध्ये दोनदा, खालचा गोळा मेथॅनॉलमध्ये वेगळा भिजवा, कारण काही कंपाऊंड पेशीतच राहतात. फनेल हलवल्यावर मधे फेसाचा थर धरतोय, तेव्हा घाई न करता चिमूटभर मीठ टाकून ठेवून द्या. इथाइल ॲसिटेटचा थर कोरड्या सोडियम सल्फेटवरनं काढून रोटावेपरला ४० डिग्रीला सुकवा. वजन करून डीएमएसओ या द्रावकात मिलीला १० मिलिग्रॅमचा स्टॉक करा, छोट्या भागांत फ्रीजरला. आणि ग्लोव्हज घाला, तुम्ही मुद्दाम पेशी मारणाऱ्या गोष्टी शोधताय, त्यात काय आहे तुम्हालाच माहीत नाही.

पेशीच्या आधी बटाटा

सेल कल्चरची सोय सगळ्या कॉलेजात नसती. म्हणून पहिली चाळण स्वस्तात करायची. ब्राइन श्रिंपची (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारके जीव) अंडी मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात, खाऱ्या पाण्यात दोन दिवसांत पिल्लं, एका बाटलीत दहा पिल्लं, २४ तासांनी मेलेली मोजायची. यानं फक्त विषारीपणा कळतोय.

त्यापेक्षा मला बटाट्याची चकती जास्त आवडती, आणि फार कमी लोक करतात. ॲग्रोबॅक्टेरियम ट्युमिफेशियन्स हा जिवाणू झाडाला गाठी आणतोय, त्याच गाठी बटाट्यावर येतात. चांगला घट्ट बटाटा हायपोक्लोराइटमध्ये वीस मिनिटं ठेवायचा, दोन्ही टोकं कापून टाकायची, कॉर्क बोररनं मधला भाग काढून अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या, त्या साध्या १.५ टक्के आगरवर. कापल्यापासनं अर्ध्या तासात एक्स्ट्रॅक्ट मिसळलेलं ॲग्रोबॅक्टेरियम ५० मायक्रोलिटर प्रत्येक चकतीवर पडलं पाहिजे. प्लेट सील करून दोन-तीन आठवडे ठेवा. मग वरनं आयोडीन ओता: बटाट्याचा स्टार्च काळानिळा होतोय आणि गाठींत स्टार्च नसल्यानं त्या केशरट-फिक्या उठून दिसतात, भिंगाखाली मोजता येतात. कंट्रोलपेक्षा २० टक्क्यांहून जास्त गाठी कमी झाल्या तर एक्स्ट्रॅक्ट पुढं न्या.

पण इथं मेख आहे. तुमच्या एक्स्ट्रॅक्टनं ॲग्रोबॅक्टेरियमच मेला तर गाठी येणारच कशा? ॲक्टिनोंच्या एक्स्ट्रॅक्टमध्ये अँटिबायोटिक असणं तर नेहमीचं. म्हणून तेच मिश्रण थोड्या वेळानं प्लेटवर पसरून जिवाणू जिवंत आहेत का ते मोजा. ही एक प्लेट न लावल्यामुळं कितीतरी "अँटिट्यूमर" रिझल्ट नुसते अँटिबायोटिक असतात.

पेशींवर

यातनं तावून निघालेले चार-पाच एक्स्ट्रॅक्टच सेल लाइनवर (लॅबमध्ये कायम वाढवत ठेवलेल्या पेशींवर) न्या. पेशी पुण्याच्या एनसीसीएसकडनं (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) घ्या, शेजारच्या लॅबकडनं उसन्या घेऊ नका, कारण वर्षानुवर्षं हातोहात फिरलेल्या पेशींवरचं लेबल खरं असेलच असं नाही. केबी आणि हेप-२ नावानं जगभर वापरलेल्या पेशी प्रत्यक्षात हेला (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी) निघाल्या, हे सगळ्यांना माहीत आहे तरी अजून वापरतात. स्वतःकडं सोय नसेल तर खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) कॅन्सरविरोधी तपासणीची सुविधा आहे, तिथं एसआरबी पद्धतीनं (पेशींतलं प्रोटीन रंगवून मोजायची पद्धत) करून मिळतंय.

आणि एक नियम कायमचा: ॲक्टिनोची प्लेट आणि सेल कल्चर एका लॅमिनारमध्ये कधीच नको. स्पोअर उडतात, एकदा सेल रूममध्ये घुसले की महिनाभर घालवायला लागतोय.

एमटीटी करणाऱ्यांसाठी. ९६ वेलच्या प्लेटमध्ये वेलला ५ ते १० हजार पेशी, कडेच्या वेलांत नुसतं बफर, कारण तिथलं पाणी उडून आकडे हलतात. एक दिवस बसू द्या, मग एक्स्ट्रॅक्टचे निदान सहा डोस, तीन-तीन वेल, ४८ किंवा ७२ तास. डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या खाली, आणि तेवढंच डीएमएसओ कंट्रोलमध्येपण. पॉझिटिव्ह कंट्रोल डॉक्सोरुबिसिन. शेवटी मिलीला ०.५ मिलिग्रॅम एमटीटी, तीन-चार तास, जांभळे खडे डीएमएसओत विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचा. शिवाय पेशी नसलेले पण एक्स्ट्रॅक्ट आणि एमटीटी असलेले वेल लावाच. ॲक्टिनोंचे एक्स्ट्रॅक्ट रंगीत असतात आणि काही तर पेशीशिवायच एमटीटी जांभळं करतात, मग मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. असं झालं तर एमटीटी सोडा, एसआरबी करा.

आता तो पहिला प्रश्न. नॉर्मल पेशींवर तेच डोस त्याच दिवशी. नॉर्मल पेशींचा आयसी५० (पेशींची वाढ निम्म्यावर आणणारा डोस) भागिले कॅन्सर पेशींचा आयसी५०, हा सिलेक्टिव्हिटी इंडेक्स. समजा एमसीएफ-७ वर १२ मायक्रोग्रॅम आणि फायब्रोब्लास्ट या नॉर्मल पेशींवर १५, तर इंडेक्स १.२५, म्हणजे विष आहे, सोडून द्या. तेच फायब्रोब्लास्टवर ९० आलं तर साडेसात, आता बसून काम करण्यासारखं आहे. एचईके-२९३ ला नॉर्मल म्हणून दाखवू नका, ते व्हायरसच्या जीननं अमर केलेले सेल आहेत, परीक्षक जाणकार असला तर तिथंच धरतोय. कच्च्या एक्स्ट्रॅक्टचा आयसी५० ३० मायक्रोग्रॅमच्या वर असला तर मोह आवरा. ५०० मायक्रोग्रॅमला पेशी मेल्या हे सांगण्यासारखं काही नाही.

नवं आहे का?

कॉलम लावायच्या आधी हे बघा, नंतर नाही. सिलिकाच्या टीएलसीवर (एक्स्ट्रॅक्टमधली कंपाऊंड डागांत वेगळी करणारी पातळ प्लेट) क्लोरोफॉर्म-मेथॅनॉल ९:१ मध्ये पळवा आणि रंगाकडं लक्ष द्या. पिवळा-केशरी ठसठशीत डाग, खूप कमी डोसला पेशी मरतात, ४४० नॅनोमीटरच्या आसपास शोषण: बहुतेक ॲक्टिनोमायसिन. एलसी-एमएसवर (रेणूचं वजन मोजणारं यंत्र) १२५५ चा मास आला की खात्रीच. लाल डाग असेल तर प्लेट अमोनियाच्या बाटलीच्या तोंडावर धरा. लालचा जांभळा-निळा झाला तर डॉक्सोरुबिसिनच्या घराण्यातला अँथ्रासायक्लिन, लालचा पिवळा झाला तर प्रोडिजिओसिन. एका मिनिटाचं काम आहे आणि सहा महिने वाचतात. मास ४६७ दिसला आणि पेशी भराभर मरतायत तर स्टॉरोस्पोरिन मनात धरा, जपानात ओमुरांनी १९७७ मध्येच ते काढलंय.

मास आणि यूव्ही दोन्ही एनपी ॲटलस, जीएनपीएस अशा फुकट डेटाबेसमध्ये टाकून बघा. १६एस (जिवाणू ओळखायचा जीन) वाचून जिवाणूचं नाव लावा, आणि पैसे असतील तर जीनोम करून अँटीस्मॅश या सॉफ्टवेअरमध्ये टाका, कुठले क्लस्टर आहेत ते आधीच दिसतंय. ओळखीचं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, पण तिथं थांबा आणि दुसरा आयसोलेट घ्या.

ओळखीचं नाही निघालं तरच मोठं काम: दहा-वीस लिटर वाढवायचं, सिलिका कॉलमवर हेक्झेनपासनं मेथॅनॉलपर्यंत जायचं, सेफाडेक्स एलएच-२० आणि मग सी-१८ एचपीएलसी अशा शुद्ध करायच्या आणखी दोन पायऱ्या. प्रत्येक पायरीला प्रत्येक फ्रॅक्शन परत पेशींवर. सगळ्यात शुद्ध दिसणारा फ्रॅक्शन ॲक्टिव्ह असेलच असं नाही, आणि फ्रॅक्शन केल्यावर ॲक्टिव्हिटीच गायब झाली असंही होतंय, एक तर कंपाऊंड सिलिकावर मोडतंय किंवा दोन गोष्टी मिळून काम करत होत्या. तेव्हा सगळे फ्रॅक्शन परत एकत्र करून तपासा म्हणजे कळतंय कुठलं ते. रचना एनएमआरवर ठरती, तिथं केमिस्ट्रीवाल्याला सुरुवातीपासनं सोबत घ्या आणि पेपरमध्ये त्याचं नाव नीट लावा, नुसते आभार नकोत.

पेटंट करायचं डोक्यात असेल तर पेपर, पोस्टर, कॉन्फरन्स काहीही करायच्या आधी अर्ज, आणि आपल्या मातीतला जिवाणू असल्यामुळं जैवविविधता कायदा २००२ लागू होतोय, चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया करायला लागती. जिवाणू परदेशातल्या मित्राच्या लॅबला पाकिटातनं पाठवणं तर अजिबात नको. पुण्याच्या एनसीएमआरसारख्या (जिवाणू जपून ठेवणारं राष्ट्रीय केंद्र) ठिकाणी कल्चर जमा करून नंबर घ्या. लॅबमध्येपण स्टॉक दोन वेगळ्या फ्रीजरला ठेवा, पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. रॅपामायसिन शोधणाऱ्या सुरेंद्रनाथ सहगल यांची लॅब १९८० च्या दशकात बंद झाली तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवला होता, म्हणून ते औषध पुढं आलं, आणि त्याच्यापासनंच बनलेलं टेम्सिरोलिमस २००७ मध्ये किडनीच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. तुम्ही घरी नेऊ नका, आई आईस्क्रीमच्या डब्याशेजारी ठेवू देणार नाही आणि नियमातही बसत नाही, पण दुसऱ्या फ्रीजरमधल्या डब्यावर नाव, तारीख आणि मातीचा गट नंबर पेन्सिलनं लिहा, मार्कर अल्कोहोलनं पुसला जातोय.